‘पाइक’चं कार्ड : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

‘पिग्मेंट’ संपादक ताईंकडे तपासायला गेलं, ‘पिगटेल’ची वेणी घालून झाली. चहाच्या आधी एक छोटा शब्द उरकून टाकू म्हणून इंग्रजी ‘पाइक’चं (pike) कार्ड उघडलं. आपल्या इंग्रजी-मराठी कोशाची पद्धत ठरलेली आहे: आधी नमुना-वाक्यं बघायची, मग अर्थ लिहायचे. या कार्डाखाली यंत्राकडून करून घेतलेली भाषांतरं साठवलेली होती. ती इथे उतरवून ठेवतो, पुढे कंटाळा आला की वाचायला होतील.

‘अपघातामुळे भाल्यावर दोन तास वाहतूक खोळंबली.’

‘आजोबांनी तळ्यातून नऊ किलोचा भाला पकडला आणि तळून खाल्ला.’

‘तिने भाल्यात साडेतीन कोलांट्या मारल्या व परीक्षकांची मने जिंकली.’

चहा थंड झाला.

यंत्राला हसून उपयोग नाही. माझ्याकडच्या शाळकरी कोशात या शब्दापुढे ‘भाला, बरची’ एवढंच आहे. दहावीतला मुलगा जे करेल तेच यंत्राने केलं. आपला कोश भाषांतरकारांसाठी आहे, म्हणजे चूक आपल्याच दारात येऊन बसली आहे. कार्डावर ‘एक दिवस’ असा अंदाज टाकला.

७ जानेवारी

अंदाज चुकला. कोशमंडळातल्या सरांना फोन केला तर त्यांनी नवंच काढलं. ‘भाला कशाला? आपला पाईक आहेच की. इकडेही पायदळ, तिकडेही पायदळ, उच्चारही तोच. एकाच घरातले असणार.’

सरांचा आवाज असा की ऐकणाऱ्याला पटतंच. मलाही अर्धा तास पटलं होतं. मग व्युत्पत्ती काढून बसलो. आपला पाईक पायातून आला आहे: संस्कृत पदाति, पादातिक, प्राकृतात पाइक्क. तो माणूस आहे, पायी चालणारा शिपाई, धन्याचा चाकर. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे अभंग आहेत, ते याच पाइकाचे. ओडिशात खुर्द्याला १८१७ मध्ये बक्षी जगबंधूंच्या मागे जे उठले तेही हेच पाइक. इंग्रजी ‘पाइक’ मात्र टोकातून आला. फ्रेंचमध्ये टोचण्याला ‘पिके’ म्हणतात, त्यावरून हत्याराचं नाव ‘पीक’ (हे मराठीत लिहिलं की शेतात उगवतं, तो भाग वेगळा). जुन्या इंग्रजीतही टोकदार हत्याराला याच कुळातला शब्द होता. थोडक्यात, आपल्यात पाय आहे आणि त्यांच्यात टोक. नुसते कान जुळले म्हणून सोयरीक होत नाही.

याच टोचऱ्या घराण्यातला ‘पिकेट’, म्हणजे जमिनीत ठोकलेली अणकुचीदार मेख. तिच्यावरून चौकीवरचा पहारा, त्यावरून संपकऱ्यांचा पहारा आणि तिथून १९३० च्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढचं ‘पिकेटिंग’. ते मराठीत येऊन आजोबांच्या तोंडी रुळलं होतं. म्हणजे घराण्यातलं कोणीतरी आपल्याकडे आलं होतं, पण ते वेगळ्याच दारातून.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘वाईट झालं.’ व्युत्पत्ती मोडली की त्यांना खरंच वाईट वाटतं.

निर्णय: इंग्रजी शब्द ऱ्हस्व ‘इ’ने, मराठी दीर्घ ‘ई’ने. पण सगळा भार ऱ्हस्व-दीर्घावर टाकायचा नाही, कारण जुन्या मजकुरात आपला पाईकही ऱ्हस्व सापडतो. कार्डावर तांबड्या शाईत सूचना: प्रतिशब्द म्हणून ‘पाईक’ कदापि देऊ नये.

९ जानेवारी

भाल्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. भाला म्हटला की हल्ली डोळ्यांपुढे नीरज चोप्रा येतो. टोकियोतलं सुवर्ण, ८७.५८ मीटर, सगळ्यांना तोंडपाठ. तो भाला आठशे ग्रॅमचा, लांबी पावणेतीन मीटरच्या आत, आणि मुख्य म्हणजे तो फेकायचा असतो. ‘पाइक’ फेकत नाहीत. दोन्ही हातांनी धरून रोखतात. लांबी तीन मीटरपासून थेट सात-साडेसात मीटरपर्यंत, सतराव्या शतकातल्या इंग्रजांचा साधारण सोळा ते अठरा फूट.

अठरा फूट कागदावर कळत नाहीत. सोसायटीत लग्नाचा मांडव उतरवत होते. मांडववाल्याकडून दोन वासे मागून घेतले, सुतळीने करकचून जोडले, टेपने मोजले: अठरा फूट दोन इंच. जिन्यातून वर नेताना पहिल्याच वळणावर अडकले. शेवटी गच्चीवरून दोरीने ओढून घेतले. वॉचमनकाका खालून विचारत होते, ‘साहेब, केबल लावताय का?’

मागचं टोक उजव्या हातात, डावा हात तीन फूट पुढे, छातीच्या उंचीला आडवा धरला. मिनिटभरात डावा दंड थरथरायला लागला. पुढचं टोक दर श्वासाला वीतभर खाली-वर होत होतं. मी अर्धं पाऊल उजवीकडे वळलो तर तिकडे टोक पाण्याच्या टाकीवरून सरकत शेजारच्यांच्या डिश अँटेनाला जाऊन भिडलं. बाजूने कोणी दहा वर्षांचं पोर आत शिरलं असतं तरी मला काही करता आलं नसतं.

कळायचं ते कळलं. हे हत्यार एका माणसाचं नाहीच. दाट रांगा लागतात, मागच्यांचीही टोकं पुढच्यांच्या खांद्यांमधून बाहेर येतात, आणि समोरच्या घोड्याला माणूस न दिसता काट्यांचं कुंपण दिसतं. मॅसिडोनियाच्या फॅलँक्समध्ये पहिल्या पाच रांगांची टोकं पुढे निघत. त्यांच्या लांब भाल्याचं नाव सरिसा. सिकंदराचं पायदळ तो घेऊनच इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरससमोर उभं होतं. म्हणजे ही जात आपल्या उपखंडाने पाहिलेली आहे. पुढे स्विस शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी हीच युक्ती वापरून बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सला १४७६ मध्ये ग्रँडसनला आणि मुर्टेनला धूळ चारली. १४७७ च्या जानेवारीत नॅन्सीच्या लढाईत तो मारलाच गेला.

आपल्याकडची नावं एकेक करून पडताळली. बरची आखूड. विटा दोरीचा, फेकून मागे ओढायचा. सांग सबंध लोखंडाची. बल्लम जवळ येतो, पण तो एकट्याच्या हातातला. तंतोतंत शब्द नाही. घोडदळाच्या आणि गनिमी काव्याच्या मुलखात अठरा फुटी दांडा घेऊन कोण डोंगर चढणार? तो शब्द नसण्याचं कारण मी आज जिन्याच्या वळणावर पाहिलं.

निर्णय: ‘पायदळाचा लांब भाला’. तो धरणाऱ्यासाठी भालाईत किंवा भालेकरी. ताईंनी ‘भालदार’ सुचवला होता. मुळात बरोबर आहे, पण तो बिचारा चोपदाराबरोबर दरबारात ललकाऱ्या द्यायला गेला तो परत आला नाही.

दंड अजून दुखतोय.

११ जानेवारी

शस्त्राचा शेवट लिहिला. बंदुकीच्या तोंडाशी बसणारी, गोळी झाडतानाही न अडणारी संगीन सतराव्या शतकाच्या अखेरीस आली आणि प्रत्येक बंदूकवाला स्वतःच भालाईत झाला. वेगळ्या भालेकऱ्यांचं काम संपलं. फ्रेंच राज्यक्रांतीत गल्लीतल्या माणसाचं हत्यार म्हणून ‘पाइक’ पुन्हा दिसतो, १४ जुलै १७८९ ला बास्तीलच्या अधिकाऱ्याचं मुंडकं टोकावर घेऊन. ‘हेड ऑन अ पाइक’ला आपलं ‘भाल्याच्या टोकावर मुंडकं’ चालेल. इथे लांबी महत्त्वाची नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ मध्ये चर्चिलने युद्धखात्याला लिहिलं की होमगार्डमधल्या प्रत्येकाच्या हाती काहीतरी हत्यार हवं, मग ते गदा किंवा ‘पाइक’ का असेना. बोलण्याची एक रीत. खात्याने ती अक्षरशः घेतली. लोखंडी नळ्यांच्या तोंडाला जुन्या संगिनी जोडून अडीच लाख ‘पाइक’ बनवण्याची मागणी निघाली. १९४२ मध्ये ते पोचायला लागले तेव्हा विमानं आणि रणगाड्यांच्या युद्धात आपल्या हाती हे दिलं म्हणून होमगार्डवाले भडकले, संसदेत वाभाडे निघाले आणि बहुतेक नग कोठारातच पडून राहिले.

शब्दाला शब्द लावल्याची एवढी महागडी चूक दुसरी माहीत नाही. प्रस्तावनेत घालू का म्हणून ताईंना विचारलं. ‘प्रस्तावनेत विनोद नको,’ असं उत्तर आलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाच्या निमित्ताने भाच्याचा एडिसनहून व्हिडिओ कॉल. तो मोटारीत. ‘मामा, टर्नपाइकवर आहे, दहा नंबरला बाहेर पडलो की करतो.’ न्यू जर्सी टर्नपाइकचं हे दहा नंबरचं तोंड म्हणजे तिकडच्या निम्म्या नातेवाइकांचा पत्ता. मागे तिकडे गेलो होतो तेव्हा ‘पाइक पकड, मग सरळ’ असं सगळेच सांगायचे.

त्याला घरी पोचल्यावर विचारलं, यातला ‘पाइक’ म्हणजे काय? ‘रस्ता.’ तिथे एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला तो भाला आहे हे माहीत नव्हतं. आणि माहीत असायचं कारणही नाही. टर्नपाइक म्हणजे आधी रस्त्यावर आडवी ठेवलेली, अणकुचीदार दांड्यांची फिरती चौकट. घोडेस्वाराने भरधाव येऊ नये म्हणून. मग तीच चौकट पैसे घेण्यासाठी. इंग्लंडात १६६३ मध्ये ग्रेट नॉर्थ रोडच्या एका टप्प्यासाठी पहिला असा कायदा झाला: रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च द्यायचा. चौकटीचं नाव हळूहळू आख्ख्या रस्त्याला चिकटलं. अमेरिकेत फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा टर्नपाइक १७९० च्या दशकातला. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक १ ऑक्टोबर १९४० ला उघडला, न्यू जर्सीचा १९५१ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचा १९५७ मध्ये. तो तर नुसता ‘मास पाइक’. बोलताना ‘टर्न’ गळून पडला आणि भाला तेवढा राहिला, ज्यात टोक उरलेलं नाही.

इथे मराठी मागे नाही. आपला ‘नाका’ बघा. आधी जकात घेण्याची जागा, मग चौक, मग आख्खी वस्ती. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तशी गेली, तरी रिक्षावाला जकात नाक्यालाच सोडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. नाके काही कुठे गेले नाहीत. अगदी तसंच मेरिलँडमधला रॉकव्हिल पाइक, व्हर्जिनियातला कोलंबिया पाइक: टोल नाही, दुकानं आणि सिग्नल, नाव मात्र ‘पाइक’.

म्हणून एकच प्रतिशब्द चालणार नाही. टोल असेल तिथे ‘टोलरस्ता’ (सरकारी मजकुरात ‘पथकर मार्ग’), नुसतं नाव असेल तिथे नाव तसंच ठेवून पुढे ‘रस्ता’. ‘द्रुतगती मार्ग’ मी खोडला. वेग हा यातला मुद्दाच नाही, पैसे हा आहे. आमच्यातली धाकटी म्हणाली, ‘काका, एक्स्प्रेस-वेवरही पैसे घेतातच.’ घेतात, पण नाव वेगावरून आहे.

‘कमिंग डाउन द पाइक’ म्हणजे ‘येऊ घातलेलं’. यापेक्षा जास्त शब्द खर्च करू नयेत.

१९ जानेवारी, रविवार

मासा.

पिशवी घेऊन गणेश पेठेतल्या मासळी बाजारात. घरी सांगताना ‘कोशाचं काम’ म्हटलं, त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

मुद्दा असा: भारतीय किनाऱ्यावरच्या वाम माशाचं इंग्रजी नाव ‘पाइक काँगर’. कुणीतरी कार्डावर पेन्सिलीने ‘पाइक : वाम’ लिहून ठेवलेलं होतं. मासेवाल्या मावशीला फोनवर खऱ्या ‘पाइक’चा फोटो दाखवला. तिने फोन लांब धरून पाहिला. ‘ही वाम न्हाय. वाम सापावानी आसते. ह्याला तर शेपटापाशी पर हायत.’ मग म्हणाली, ‘पर तोंड बघा, तोंड तसंच.’ आणि पाटीतली हातभर वाम उचलून सुरीच्या पाठीने तिचा जबडा उघडला. लांब निमुळता जबडा, मध्ये टाळूवर मोठ्या दातांची रांग. मी बोट नेलं तर मावशीने हातावर चापट मारली. ‘मेल्यावर बी चावते ती.’

तिने एका वाक्यात सोडवलं. ‘पाइक काँगर’ म्हणजे ‘पाइक’सारख्या तोंडाची, अहिर म्हणजे सापासारख्या लांब माशांच्या जातीची मासळी. जबडा उसना घेतलेला, बाकी नातं नाही.

खरा ‘पाइक’ गोड्या पाण्यातला, युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड तळ्या-नद्यांतला. बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आत वळलेले दात, वरचा आणि खालचा पर पार शेपटीजवळ. पर मागे असल्यामुळे तो बाणासारखा सुटतो. पाणवनस्पतीत लाकडासारखा निश्चल पडून राहतो आणि जवळून काही गेलं की एकाच झेपेत गट्टम, मग ते बदकाचं पिल्लू का असेना. नाव शस्त्रावरूनच पडलं. फ्रेंच त्याला ‘ब्रोशे’ म्हणतात, त्यातही सळई आहे. काट्यांच्या बाबतीत आपल्या पाला माशाचा भाऊ. म्हणून लिआँकडे काटे काढायची कटकट न करता मांस वाटून, गाळून त्याचे लांबट मुटके उकडतात. रशियात येमेल्या नावाच्या आळशाच्या गोष्टीत हाच मासा बादलीत सापडतो आणि त्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या करतो. फिनलंडच्या दंतकथेत त्याच्या जबड्याचं तंतुवाद्य होतं. एवढा मोठा संसार असलेल्या माशाला आपण ‘एक प्रकारचा मासा’ म्हणून वाटेला लावायचं का?

एका भाषांतरकाराने कथेत ‘मरळ’ केलं होतं. वृत्ती जुळते, तीही दबा धरणारी. पण फिनलंडच्या गोठलेल्या तळ्यात मरळ पोहायला लागली की वाचक कथेतून उठून जातो. ‘पाइक मासा’ असंच ठेवायचं, पहिल्यांदा येईल तिथे चार शब्दांची ओळख.

जाता जाता: आपला टोळ मासा इंग्रजीत ‘गारफिश’. त्यातल्या ‘गार’चा जुन्या इंग्रजीतला अर्थही भालाच. आणि लसणाच्या इंग्रजी नावातही तोच ‘गार’ आहे, पाकळीच्या टोकामुळे. त्या लोकांना जिथे तिथे भाले दिसत होते.

वाम घेतली. तिखलं चांगलं झालं.

२३ जानेवारी

पोहण्यातला अर्थ. हा लवकर होईल असं वाटलं आणि झालाही.

सूर मारताना शरीराच्या चार स्थिती, त्यांना चार अक्षरं: ए सरळ, बी ‘पाइक’, सी ‘टक’, डी मोकळी. ‘पाइक’ म्हणजे कमरेत दुमडायचं, गुडघे मात्र ताठ. ‘१०७ बी’ असं फलकावर दिसलं तर पहिला १ म्हणजे पुढे तोंड करून पुढेच, ७ म्हणजे सात अर्ध्या कोलांट्या, म्हणून साडेतीन, आणि बी म्हणजे ‘पाइक’मध्ये. सीमध्ये अंग गोळा झालेलं असतं, त्यामुळे गिरकी वेगाने बसते. बीमध्ये पाय लांब राहतात, गिरकी जड जाते, म्हणून काठिण्याचे गुण जास्त.

‘टक’ला आपल्याकडे शब्द आहे. गावच्या विहिरीत पाय पोटाशी घेऊन धप्पकन उडी टाकायची त्याला आम्ही मुटका म्हणायचो. मुटका मारणाऱ्याचा हेतू काठावरच्यांना भिजवण्याचा असायचा, गुणांचा नव्हे, पण आकार तोच. ‘पाइक’ला विहिरीत नाव नव्हतं, कारण ती चूक होती. सूर मारताना कंबर मोडली तर पोटावर आपटायचं आणि वर हसणारे. योगात बघितलं तर पश्चिमोत्तानासन हीच घडी, पण जमिनीवर बसलेली.

मी ‘चिमटा’ सुचवला. भाकरी उलटायचा चिमटा एका टोकाला जोडलेला, दोन्ही पाती सरळ. चित्र पक्कं बसतं. ताईंनी ‘क्रीडावार्तांकनात कोणी म्हणत नाही’ म्हणून दुसऱ्या क्रमांकावर टाकला. निदान खोडला नाही.

२५ जानेवारी

डोंगर. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये टोकदार माथ्यांना ‘पाइक’ म्हणतात. स्काफेल पाइक हा इंग्लंडचा सर्वांत उंच डोंगर, ९७८ मीटर. आमच्या कळसूबाईची १६४६ ऐकून लाजेल. पहिल्या महायुद्धात गेलेल्या त्या भागातल्या लोकांच्या स्मरणार्थ त्याचा माथा १९१९ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिला गेला.

सरांनी ‘सुळका’ लिहिलं होतं. सह्याद्रीत फिरणाऱ्या कोणाला विचारा, सुळका म्हटलं की दोर आला. माहुलीचा वजीर हा सुळका. स्काफेल पाइकवर लोक पोराबाळांना घेऊन दगडधोंड्यांतून चालत जातात. त्याच भागातल्या पाइक ऑफ स्टिकलला मात्र दुरून सुळका शोभतो. म्हणून ‘टोकदार शिखर’, आणि नावात असेल तर हात लावायचा नाही.

कोलोरॅडोतलं पाइक्स पीक याच्याशी मिसळू नये. ते झेब्युलन पाइक या सैनिकी अधिकाऱ्याचं. त्याने ते १८०६ च्या नोव्हेंबरात पाहिलं, चढायला निघाला, बर्फात कमरेपर्यंत रुतून परतला. स्वतः ४३०२ मीटरच्या त्या माथ्यावर तो कधी पोचलाच नाही. इंग्रजी ‘पीक’ हाही ‘पाइक’चाच फिरलेला उच्चार, म्हणजे नाव झालं पिवळा पीतांबर. शिवाय षष्ठीचं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) त्या नावात लिहायचं नाही असा कोलोरॅडोच्या विधिमंडळाने १९७८ मध्ये कायदा केला. विरामचिन्हावर कायदा! आमच्या मुद्रितशोधकांना सांगितलं तर पेढे वाटतील.

२८ जानेवारी

काम बंद. सकाळी फाइल उघडली तर सगळ्या देवनागरीच्या जागी चौकोन आणि परग्रहावरची अक्षरं. कोणीतरी फाइल भलत्या संकेतनात (एन्कोडिंगमध्ये) साठवली होती. (मी. नोंद प्रामाणिक असावी.)

धाकटीने दुपारपर्यंत परत आणलं. करता करता म्हणाली, ‘काका, तुम्ही ज्याच्यामागे लागलाय तोच याला कारण आहे.’ यूटीएफ-८ हे संकेतन केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडलं. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. तिने पडद्यावर मोजून दाखवलं: प, काना, इ, क. चार चिन्हं, बारा बाइट. इंग्रजीतला ‘पाइक’ चार बाइटांत बसतो, आपण तिप्पट जागा घेतो.

आडनावं कोशात घेत नाहीत. तरी हे कार्ड ज्या संकेतनात साठवलेलं आहे ते एका पाइकचं आहे, हे मला आवडलं. दुसरे केनेथ पाइक, भाषाशास्त्रज्ञ, १९१२ ते २०००. ‘एमिक’ आणि ‘एटिक’ ही जोडी त्यांची: भाषा बोलणाऱ्याला आतून कोणते भेद महत्त्वाचे वाटतात ते एमिक, बाहेरच्याने फूटपट्टी लावून मोजलेले ते एटिक. गच्चीवर मी टेप लावला ते एटिक. मावशी म्हणाली ‘ही वाम न्हाय’, ते एमिक.

३१ जानेवारी

किरकोळ गोळा केलं. आग विझवणाऱ्यांचा ‘पाइक पोल’ म्हणजे लांब दांड्याची आकडी, छत ओढून पाडायला. आंबे काढायच्या आकडीची थोरली बहीण. ‘प्लेन ॲज अ पाइकस्टाफ’: मुळात फेरीवाल्याची गाठोडं अडकवायची काठी होती, पुढे उच्चार घसरून भाल्याचा दांडा झाला. मराठीत ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’. ‘पायकर’ म्हणजे अमेरिकेत चिकट, ऑस्ट्रेलियात आयत्या वेळी कच खाणारा. स्वीडनमध्ये ‘पाइक’ नावाची एक संगणकभाषाही आहे, ती संगणकवाल्यांच्या कोशात जावो.

सिएटलचं पाइक प्लेस मार्केट, १७ ऑगस्ट १९०७ पासून चालू. तिथले मासेवाले गिऱ्हाइकाचा मासा एकमेकांकडे फेकतात, त्यामुळे निम्मे प्रवासवर्णनकार ‘मत्स्य चौक’ वगैरे लिहितात. नाव पाइक स्ट्रीटवरून, रस्त्याचं नाव एका माणसाच्या आडनावावरून. मासा निर्दोष आहे.

पत्त्यांचा मोह झाला. आपलं इस्पिक फ्रेंचमध्ये ‘पीक’, जर्मनमध्ये ‘पिक’. म्हणजे त्या पानावर चक्क भाला. ‘इस्पिक’मध्ये तो ऐकूही येतो. सर खूश. पण पाइकाच्या बाबतीत कान एकदा फसलेले आहेत. पुराव्याशिवाय नाही. वगळलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

बैठक. अर्थांच्या क्रमावरून दीड तास. सरांचं म्हणणं, शस्त्र मूळ आहे, ते पहिलं. माझं म्हणणं, भाषांतरकाराला दुपारी तीन वाजता कादंबरीत जो ‘पाइक’ भेटतो तो बहुधा रस्ता किंवा मासा असतो. शस्त्र पहिलं दिलं की तो तिथेच थांबतो आणि आजोबा पुन्हा भाला तळून खातात. ताईंनी मधला मार्ग काढला: शस्त्र पहिलं, पण प्रत्येक अर्थाच्या आधी तो कुठे भेटतो ते ठळक लिहायचं. अंतिम मजकूर असा:

पाइक, नाम. इतिहास, युद्ध: पायदळाचा लांब भाला, दोन्ही हातांनी रोखायचा, फेकायचा नव्हे. जलचर: पाइक मासा, थंड प्रदेशातला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, वाम किंवा मरळ नव्हे. अमेरिकेतले रस्ते: टोलरस्ता, पथकर मार्ग, टोल नसल्यास नाव कायम ठेवून ‘रस्ता’. सूर, जिम्नॅस्टिक्स: कमरेत दुमडलेली, गुडघे ताठ स्थिती, चिमटा. उत्तर इंग्लंड: टोकदार शिखर. मराठी ‘पाईक’शी संबंध नाही.

सहीसाठी ठेवलं. ‘एक दिवस’ या अंदाजापुढे ताईंनी पेन्सिलीने ‘एकोणतीस’ लिहिलं.

५ फेब्रुवारी

सही झाली. ‘पाइकलेट’ हा जाड धिरड्यासारखा प्रकार, दहा मिनिटांत आटपला. ‘पिलाफ’ : पुलाव. ‘पिलॅस्टर’ वास्तुशास्त्रवाल्यांकडे पाठवला.

पुढचं कार्ड ‘पिल्चर्ड’. पेन्सिलीने कुणीतरी ‘तारली’ लिहून ठेवलं आहे. पिशवी शोधतो आहे.